मानेंतील जन्मजात गांठी आणि त्यांचीं अपरिचित रूपें

आपल्या भाषेंत मानेवरच्या सुजेला नांवांची वाण नाहीं. कानाखालीं गाल फुगले तर आपण गालगुंड म्हणतों. गळ्याच्या पुढच्या बाजूस मोठी सूज आली तर गलगंड. जबड्याखालीं माळेसारख्या गांठी ओळीनें उठल्या तर गंडमाळा. आणि न दुखणारी, वर्षानुवर्षें तशीच राहणारी गोल गांठ दिसली तर आवाळू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अकराव्या अध्यायीं ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचीं लक्षणें निरनिराळीं सांगितलीं आहेत. म्हणजे मानेवरची प्रत्येक गांठ सारखी नसते हें ज्ञान आपल्याकडे जुनें आहे. तथापि आपल्या नित्याच्या बोलण्यांत एका जातीच्या गांठीला स्वतंत्र नांव नाहीं. ती जन्मापूर्वींच, आईच्या पोटांत असतांना, पेरली गेलेली असते. मात्र डोकें वर काढते ती कधीं पांचव्या वर्षीं, कधीं पंचविसाव्या, तर कधीं साठीनंतरही. श्रोतेहो, या जन्मजात गांठींविषयीं, आणि विशेषतः त्या ज्या अनपेक्षित वेषांत समोर येतात त्या वेषांविषयीं, आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मी वैद्यकाचा पदवीधर नव्हे. माझें आयुष्य शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेलें. तेव्हां औषधोपचार सुचविण्याचा अधिकार मला नाहीं, व तसा हेतूही नाहीं. परंतु एक गोष्ट शिक्षकाला संवयीनें कळते. गणिताचें उत्तर चुकलेलें दिसलें कीं तें नुसतें खोडून भागत नाहीं. कोणत्या पायरीवर चुकलें हें शोधावें लागतें, नाहींतर तीच चूक पुढच्या गणितांत पुन्हां येते. या गांठींचेंही तसेंच आहे. डोळ्यांना दिसते ती गांठ म्हणजे एका लांब वाटेचें टोंक असतें. टोंक कापलें आणि वाट तशीच ठेविली तर गांठ परत येते. म्हणून "गांठ कोठें आहे?" या प्रश्नाबरोबर "ती कोणत्या वाटेनें तेथें आली?" हा दुसरा प्रश्न विचारावयाचा, एवढेंच आजच्या भाषणाचें सूत्र आहे.

ही वाट समजण्यासाठीं गर्भावस्थेच्या पहिल्या दोन महिन्यांकडे वळलें पाहिजे. गळ्याच्या पुढच्या भागीं, कंठमण्याच्या खालीं, फुलपांखराच्या आकाराची थायरॉइड नांवाची ग्रंथि असते. शरीराची वाढ, शरीराची उष्णता आणि बुद्धीचा विकास यांवर तिच्या रसाचा अंमल चालतो. ही ग्रंथि जेथें असते तेथें जन्मत नाहीं. गर्भ सुमारें साडेतीन आठवड्यांचा असतांना जिभेच्या मुळाशीं तिचा आरंभ होतो. तेथून ती मानेच्या मध्यरेषेनें उतरत उतरत सातव्या आठवड्याच्या सुमारास आपल्या कायमच्या जागीं पोंचते. उतरतांना तिच्यामागें एक बारीक नळी राहते, विहिरींत सोडलेल्या पोहऱ्यामागें दोर राहावा तशी. पुढें थोड्याच आठवड्यांत ही नळी विरून जाते. जिभेच्या मागच्या भागावरचा एक बारीक खळगा तेवढा तिची खूण म्हणून राहतो. परंतु नळी पुरती विरली नाहीं, तिचा एखादा तुकडा मागें राहिला, आणि त्याच्या अस्तरांतून पाझरणारा रस सांचूं लागला, कीं तेथें पिशवी तयार होते. डॉक्टर अशा पिशवीस सिस्ट म्हणतात, आणि या विशिष्ट पिशवीस थायरोग्लॉसल सिस्ट हें नांव आहे.

दुसरी वाट मानेच्या बाजूची. १८२५ सालीं राटके या जर्मन शास्त्रज्ञास डुकराच्या गर्भाच्या मानेवर माशाच्या कल्ल्यांसारख्या चिरा दिसल्या. मानवी गर्भांतही तशाच घड्या पुढें आढळल्या. मनुष्य आईच्या पोटांत एकदां मासा होतो, असें कांहीं जुन्या पुस्तकांतून लिहिलेलें असे. तें मात्र खरें नव्हे. या घड्यांचे कल्ले कधींच होत नाहींत. त्यांपासून जबडा, कानांतील बारीक हाडें, टॉन्सिलची खोबण व कंठाचे कांहीं भाग घडतात, आणि घड्यांमधील खांचा बुजून मान गुळगुळीत होते. एखादी खांच बुजावयाची राहिली तर तिच्या जागीं पिशवी, छिद्र, किंवा आंतून बाहेरपर्यंत जाणारी नळी उरते. मानेवरच्या जन्मजात छिद्रांचा या खांचांशीं असलेला संबंध बर्लिनच्या आशेरसन यांनीं १८३२ सालीं मांडला. या गांठींना वैद्यकांत ब्रँकिअल सिस्ट, म्हणजे कल्ल्यांची सिस्ट, असें म्हणतात.

या दोन्ही गांठींचें परिचित रूप ओळखणें फारसें कठीण नाहीं. मुलांच्या मानेंतील जन्मजात गांठींत थायरोग्लॉसल सिस्ट सर्वांत अधिक आढळते. दहांपैकीं सुमारें सात गांठी याच जातीच्या असतात. ती बहुधा गळ्याच्या मधोमध, कंठमण्याच्या किंचित् वर, द्राक्षाएवढी, गोल व न दुखणारी असते. मुलानें घोट गिळला कीं ती वर सरकते, आणि जीभ बाहेर काढली तरीही वर सरकते; कारण तिची वाट जिभेच्या मुळाशीं बांधलेली असते. कल्ल्यांची गांठ बाजूला असते. मान वळविली असतां कानामागून छातीच्या वरच्या टोंकापर्यंत तिरपा उतरणारा जो जाड स्नायू दिसतो, त्याच्या पुढच्या कडेला, जबड्याच्या कोनाखालीं ती येते. या जातीच्या शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक गांठी वरून दुसऱ्या खांचेच्या असतात. जन्मजात असूनही त्या बहुधा विसाव्या ते चाळिसाव्या वर्षाच्या दरम्यान, साध्या पडशानंतर, एकाएकीं फुगून दिसूं लागतात. मग घरची मंडळी म्हणतात, "जन्मापासून असती तर आजवर दिसली नसती काय?" याचें उत्तर असें कीं, वाट जन्मापासून असते, तिच्यांत रस सांचून गांठ फुगण्यास मात्र कांहीं निमित्त लागतें, आणि घशाचा साधा संसर्ग हें निमित्त पुरवितो.

आतां अपरिचित रूपांकडे वळूं. पहिलें रूप वारंवार परत येणाऱ्या गांठीचें. मुलाच्या गळ्यावर मधोमध लाल सूज येते, ताप येतो, पू होतो; गळूं समजून तें फोडलें जातें आणि भरून येतें. सहा महिन्यांनीं त्याच जागीं पुन्हां तोच प्रकार. कांहीं वेळां जखम भरतच नाहीं व तेथें एक लहानसें छिद्र कायम वाहत राहतें. याचें कारण वाटेंत आहे. हनुवटी आणि कंठमणि यांच्या मध्यें घोड्याच्या नालाच्या आकाराचें हायॉइड नांवाचें लहान हाड असतें. शरीरांतील दुसऱ्या कोणत्याही हाडाशीं तें सांधलेलें नसतें. थायरॉइडच्या उतरणीची नळी या हाडाला अगदीं खेटून जाते. म्हणून गांठ जरी संपूर्ण काढली, तरी हाडापाशीं चिकटलेला नळीचा भाग मागें राहतो. जर्मनींतील श्लांगे या शस्त्रवैद्यानें १८९३ सालीं, गांठीबरोबर या हाडाचा मधला तुकडाही काढावा, असें सुचविलें. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकचे वॉल्टर सिस्ट्रंक यांनीं त्यापुढें एक पायरी गांठली. हाडाच्या तुकड्याबरोबर तेथून जिभेच्या मुळापर्यंतचा स्नायूंचा गाभाही काढण्याची पद्धति त्यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केली. नुसती गांठ काढली तर सुमारें निम्म्या रोग्यांत ती परत येते. सिस्ट्रंक यांच्या पद्धतीनें वाट समूळ काढली तर शंभरांत चार-पांच जणांतच परत येते. हाडाचा मधला तुकडा गेल्यानें बोलण्या-गिळण्यांत सहसा अडचण येत नाहीं. शंभर वर्षें उलटून गेलीं तरी आजही हीच पद्धति प्रमाण मानली जाते.

दुसरें रूप असें, कीं त्यांत मानेवर गांठ दिसतच नाहीं. या पिशव्यांपैकीं अगदीं थोड्या, शंभरांत एक-दोन, वाटेच्या आरंभींच, म्हणजे जिभेच्या मुळाशीं, तोंडाच्या आंत होतात. मोठ्या माणसास अशी पिशवी असली तर घशांत कांहीं अडकल्यासारखें वाटतें. परंतु तान्ह्या मुलाचा घसा केवढासा! त्याला श्वास घेतांना घरघर लागते, उताणें निजविलें कीं ती वाढते, दूध ओढतांना तें थांबतें, आणि कधीं कधीं निळें पडतें. बाहेरून मान अगदीं स्वच्छ. अशा मुलाला "छातींत कफ आहे" म्हणून शेक आणि चाटण देत राहणें जिवावर बेतूं शकतें. श्वास कोंडून मूल दगावल्याचीं उदाहरणें वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेलीं आहेत. तान्ह्याची घरघर निजण्याच्या स्थितीनुसार बदलत असेल, किंवा दूध ओढतांना त्याचा रंग पालटत असेल, तर तें मूल त्याच दिवशीं मोठ्या रुग्णालयांत नेलें पाहिजे. नाकावाटे घातलेल्या बारीक दुर्बिणींतून जिभेचें मूळ पाहिलें म्हणजे खरा प्रकार कळतो.

तिसरें रूप वरवर पाहतां सर्वांत निरुपद्रवी, आणि म्हणूनच फसवें आहे. गळ्याच्या मधोमध गोल, न दुखणारी गांठ आहे, अगदीं पुस्तकांतल्यासारखी. परंतु ती पिशवी नसून प्रत्यक्ष थायरॉइड ग्रंथीच आहे! खालीं उतरतांना ती वाटेंतच थांबली, आपल्या जागीं पोंचलीच नाहीं, असें विरळा घडतें. ती जिभेच्या मुळाशींच राहिली असेल तर अशा दहांपैकीं सुमारें सात रोग्यांच्या शरीरांत दुसरी थायरॉइड नसते. अशी गांठ सिस्ट समजून काढून टाकली, तर आपण त्या मुलाची एकुलती एक ग्रंथि काढून टाकली असें होतें. जखम सुंदर भरते. पण पुढें कांहीं महिन्यांत मूल मंद व सुस्त होतें, त्याची उंची खुंटते, अभ्यासांत तें मागें पडूं लागतें, आणि जन्मभर रोज थायरॉइडच्या रसाची गोळी घेणें त्याच्या नशिबीं येतें. हें टाळण्याचा उपाय अगदीं सोपा आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं मानेची सोनोग्राफी करून थायरॉइड आपल्या जागीं आहे ना, एवढें पाहिलें कीं पुरें. त्या परीक्षेंत वेदना नाहीं, सुई नाहीं. ग्रंथि जागेवर दिसली नाहीं तर पुढील तपासण्या होईपर्यंत शस्त्रक्रिया थांबविली जाते. मुलाच्या गळ्यावरील मधली गांठ काढावयाचें ठरलें असतां, "याची थायरॉइड जागेवर आहे, हें पाहिलें आहे ना?" असें आई-वडिलांनीं विचारण्यांत कोणताही उद्धटपणा नाहीं.

याच वाटेवरील पिशवींत कधीं कधीं थायरॉइडच्या पेशींचा अंश राहिलेला असतो, आणि क्वचित्, शंभरांत सुमारें एकाच्या पिशवींत, त्यापासून कर्करोग उद्भवतो. असे रोगी बहुधा प्रौढ असतात, रोग मंदगतीचा असतो, व उपचारांनीं तो बहुतेक बरा होतो. मात्र तो बहुधा कळतो तो गांठ काढल्यानंतर, तिची सूक्ष्मदर्शकाखालीं परीक्षा झाल्यावर. म्हणून काढलेली गांठ टाकून न देतां तपासणीस पाठविणें, आणि तिचा अहवाल आठवणीनें आणून डॉक्टरांस दाखविणें, हा उपचाराचाच भाग समजावा.

आतां बाजूच्या वाटा. पहिल्या खांचेचा अवशेष मानेंत न दिसतां बहुतकरून कानापाशीं दिसतो. मुलाच्या कानांतून पू येतो; कानाच्या पडद्याला तर छिद्र नाहीं. कानांत थेंब घालून पू थांबत नाहीं; मग कानाच्या पाळीखालीं किंवा जबड्याच्या कोनापाशीं गळूं उठतें. कानाचे डॉक्टर कान पाहतात, दुसरे डॉक्टर गळूं पाहतात. आणि दोन्ही एकाच नळीचीं दोन तोंडें आहेत हें ध्यानीं येईपर्यंत कांहीं वेळां बरींच वर्षें जातात. या नळीच्या अगदीं निकटून चेहऱ्याच्या स्नायूंना चालविणारा मज्जातंतु जातो. पुनःपुन्हां चिरा दिल्यानें तेथील भाग घट्ट होतो, मज्जातंतु ओळखणें कठीण होतें, आणि त्यास इजा झाली तर डोळा मिटत नाहीं व ओंठ वांकडा होतो. तेव्हां कान आणि मान यांच्या दुखण्याची एकाच वेळीं, एकाच डॉक्टरापुढें हकीकत सांगणें फार महत्त्वाचें आहे.

तिसऱ्या-चौथ्या खांचेचा प्रकार आणखी विचित्र. आठवीच्या वर्गांत माझा एक विद्यार्थी होता. दर पावसाळ्यांत हजेरीपत्रकांत त्याच्या नांवापुढें आठ-दहा दिवस ओळीनें गैरहजेरीची खूण पडे. आधीं पडसें, मग ताप, मग मानेच्या डाव्या बाजूस खालच्या अंगाला गळूं. तें फोडलें जाई, भरून येई, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां उठे. तीन वर्षांत तीन व्रण झाले. वडिलांना वाटे, मुलाचें रक्तच दूषित आहे. आजी दृष्ट काढी. चौथ्या खेपेस ज्या शस्त्रवैद्यांकडे त्याला नेलें, त्यांनीं चाकू हातीं घेण्यापूर्वीं एवढेंच विचारलें, "दर वेळीं डावीकडेच, आणि याच जागीं?" पूर्वींचे व्रण हेंच त्या प्रश्नाचें उत्तर होतें.

या प्रश्नामागचें शास्त्र असें. गिळलेलें अन्न जेथून अन्ननलिकेंत उतरतें, तेथें कंठाच्या दोन्ही बाजूंस एकेक खोलगट कोनाडा असतो. गर्भावस्थेंतील नळी बुजावयाची राहिली तर ती या कोनाड्यापासून थायरॉइडच्या वरच्या भागापर्यंत पोंचते, आणि दहांपैकीं सुमारें नऊ वेळां ती डावीकडेच असते. घशांतील जंतु या नळीवाटे थायरॉइडपर्यंत जातात व तेथें पू करितात. एरवीं थायरॉइडमध्यें पू होणें ही गोष्ट फार विरळ. त्यामुळें मुलाच्या डाव्या बाजूस असें दुसऱ्यांदा घडलें कीं ही नळी शोधलीच पाहिजे. जपानी डॉक्टरांनीं १९७९ सालीं हा संबंध स्पष्टपणें दाखवून दिला. सूज ओसरल्यावर बेरियम पिऊन काढलेल्या क्ष-किरण चित्रांत, किंवा घशांत दुर्बीण घालून, नळीचें आंतलें तोंड सांपडतें. माझ्या विद्यार्थ्याचें तें तोंड दुर्बिणींतूनच डाग देऊन बुजविण्यांत आलें. मानेवर चौथा व्रण झाला नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत त्याची हजेरी पूर्ण भरली.

आणखी एक लहानसें चिन्ह सांगतों. कांहीं मुलांच्या मानेच्या खालच्या भागांत टांचणीच्या डोक्याएवढें छिद्र जन्मापासून असतें, व त्यांतून मधून मधून लाळेसारखा थेंब येतो. तें दुसऱ्या खांचेच्या नळीचें बाहेरचें तोंड होय; ती नळी मेंदूकडे व चेहऱ्याकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांच्या मधून वर टॉन्सिलपर्यंत जाऊं शकते. अशीं छिद्रें मानेच्या दोन्ही बाजूंना असलीं, कानांपुढेंही बारीक छिद्रें असलीं, आणि मुलाला ऐकूं कमी येत असलें, तर हीं चिन्हें एकाच आनुवंशिक विकाराचीं असूं शकतात, आणि त्यांत मूत्रपिंडांतही व्यंग असूं शकतें. हा विकार आई किंवा वडील यांच्यापैकीं एकास असला तर तो प्रत्येक अपत्यास येण्याचा संभव निम्मा असतो. मागच्या बाकावर बसणारें मूल लक्ष देत नाहीं, अशी तक्रार शाळेंत नेहमीं होते. त्याच्या मानेवर व कानांपुढें अशीं छिद्रें दिसलीं तर शिक्षा करण्यापूर्वीं त्याचे कान तपासावेत, आणि एकदां मूत्रपिंडांची सोनोग्राफी करावी.

मानेच्या मागल्या-बाजूच्या भागांत येणारी मऊ, लिबलिबीत गांठ वेगळ्या जातीची. शरीरांत रक्तवाहिन्यांखेरीज लसीका नांवाचा पातळ रस वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. त्यांची घडण बिघडली कीं अनेक कप्प्यांची पिशवी होते. हिला पूर्वींपासून सिस्टिक हायग्रोमा म्हणतात. काळोखांत तिच्यावर विजेरीचा प्रकाश टाकला तर ती आंतून उजळते. बहुतेक मुलांत ती दोन वर्षांच्या आंत दिसून येते. परंतु आंत रक्तस्राव झाला किंवा संसर्ग झाला तर लहान असलेली ही गांठ एका रात्रींत फुगून श्वासमार्ग दाबूं शकते. आज कित्येक वेळां चाकूऐवजीं पिशवींत औषध टोंचून ती आकसविली जाते.

येथवर मुलांविषयीं व तरुणांविषयीं बोललों. आतां जें सांगावयाचें आहे तें माझ्यासारख्या वयस्कांसाठीं आहे, आणि आजच्या भाषणांत तेंच सर्वांत अधिक लक्षांत ठेवण्याजोगें आहे. चाळिशीनंतर मानेच्या बाजूस पाण्यानें भरलेली गांठ प्रथमच दिसली, तर ती जन्मजात असूं शकते हें खरें. परंतु तसें गृहीत धरूं नये. टॉन्सिल, जिभेचें मूळ किंवा थायरॉइड येथें लपलेल्या लहानशा कर्करोगाची शाखा मानेच्या लसीकाग्रंथींत पोंचली, कीं ती ग्रंथि आंतून विरघळून हुबेहूब पिशवीसारखी होते. ती न दुखणारी असते, मऊ असते, आणि मूळ रोगाचें कोणतेंही चिन्ह रोग्यास जाणवत नाहीं. सोनोग्राफींत द्रव दिसतो, सुईनें काढलेल्या पाण्यांत कर्कपेशी सांपडतीलच असें नाहीं, आणि "जन्मजात आहे, भिण्याचें कारण नाहीं" या दिलाशावर महिने निघून जातात. तंबाखू, विडी, सिगारेट यांचा नाद असलेल्यांनीं तर विशेष सावध असावें. परंतु नाद नसलेल्यांसही हा रोग होतो, कारण घशांतील या कर्करोगाचा एक प्रकार विषाणूमुळें होतो. म्हणून वाट शोधण्याचा नियम येथेंही लागू आहे. ही गांठ जन्माच्या वाटेनें आली कीं घशांतल्या रोगाच्या वाटेनें, याची घसा, टॉन्सिल, जिभेचें मूळ व थायरॉइड नीट तपासून खात्री होईपर्यंत "जन्मजात" हा शब्द उच्चारूं नये.

आपल्या देशांत आणखी एक तोतया आहे, तो म्हणजे क्षय. मानेच्या लसीकाग्रंथींचा क्षय हीच आपली जुनी गंडमाळा. तींतील पू थंड असतो. वरची कातडी तापत नाहीं, दुखणेंही फारसें नसतें. त्यामुळें ती कल्ल्यांच्या गांठीसारखी दिसते, आणि कधीं उलट जन्मजात गांठीलाच क्षय समजून महिनोन् महिने औषधें दिलीं जातात. दोहोंचा भेद सुईनें काढलेल्या द्रवावरून होऊं शकतो. जन्मजात गांठींतील पातळ, पिंवळसर पाण्यांत कोलेस्टेरॉलचे चकाकणारे स्फटिक दिसतात. क्षयाचा पू खव्यासारखा असतो, व त्यांत क्षयाच्या जंतूंचा शोध घेण्याच्या चांगल्या परीक्षा आज उपलब्ध आहेत.

या सर्वांवरून घरांतील मंडळींनीं काय बोध घ्यावा? पहिली गोष्ट, मानेवरच्या गांठीस बिब्बा लावणें, डागणें, दोरा बांधणें, पोटिस बांधून ती पिकविण्याचा प्रयत्न करणें, हें सर्व वर्ज्य समजावें. त्यानें गांठ जात नाहीं. वाट मात्र चिघळते, आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. दुसरी गोष्ट, पू होऊन सूज आली असेल तर प्रथम ती औषधांनीं शमवावी लागते, प्रसंगीं पूही काढावा लागतो. परंतु पू निघाला म्हणजे रोग गेला असें समजूं नये. सूज पुरती बसल्यावर कांहीं आठवड्यांनीं मूळ वाट काढण्याविषयीं डॉक्टरांस आपण होऊन विचारावें. तिसरी गोष्ट, श्वासाला अडथळा, गिळण्यास त्रास, आवाजांत बदल, किंवा झपाट्यानें वाढ, यांपैकीं कांहीं दिसलें तर एक दिवसही थांबूं नये.

आणि डॉक्टरांकडे जातांना एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात. गांठ किंवा छिद्र प्रथम केव्हां दिसलें. मध्यावर कीं बाजूला, आणि बाजूला असल्यास कोणत्या. पडशाबरोबर तें वाढतें काय. पूर्वीं किती वेळां फोडलें अथवा कापलें, व त्या वेळच्या तपासणीचे कागद कोठें आहेत. मुलाचीं लहानपणींचीं छायाचित्रेंही काढून पाहावींत. बारशाच्या किंवा मुंजीच्या चित्रांत ती गांठ कित्येकदां स्पष्ट दिसते, आणि मग तिचें वय निराळें शोधावें लागत नाहीं. डॉक्टर कितीही निष्णात असले तरी गांठ त्यांना आजची दिसते. ती कधीं उगवली, किती वेळां आली आणि किती वेळां गेली, ही तिची मागची हकीकत घरच्या माणसांनाच ठाऊक असते, आणि तिची वाट शोधण्यास तेथूनच आरंभ होतो.